शेवटच्या चिठ्ठीचा मान

मी नक्की काय काम करते हे आमच्या गावात कोणालाच धड सांगता येत नाही, आणि त्यात गावाची काही चूक नाही. मी मेडिकल कॉलेजात नोकरी करते, पण डॉक्टर नाही. नर्सही नाही. मला सुई टोचता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, आणि कोणाला उलटी होणार असं दिसलं तर खोलीतून पहिली मी बाहेर पडते. एखादं औषध किंवा एखादी योजना खरंच उपयोगी पडते का, हे डॉक्टर लोक तपासतात. ते कसं तपासायचं आणि आलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा हे ठरवणं, एवढंच माझं काम. थोरल्या काकांनी ते गावाला एका वाक्यात समजावलं होतं, "आमचा चेडू डॉक्टरांच्यो चुको काढता." चेडू म्हणजे पोरगी. त्यानंतर गावात माझी पत वाढली आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर माझ्याशी जरा जपून बोलायला लागले.

काका म्हणजे गावचे मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. त्यांनी भाताला हात लावल्याशिवाय पंगतीत कोणी जेवायला सुरुवात करत नाही. एकदा तर ते कोणाशी तरी जमिनीच्या वादावर बोलत बसले आणि अख्ख्या पंगतीची आमटी गार झाली.

घरातही तोच कारभार. माझे वडील धाकटे, आणि त्यांनी जन्मभर दादाच्या आधी एक गोष्ट केली नाही. दादाने मोबाईल घेतल्यावर त्यांनी घेतला, तोही त्याच दुकानातून, त्याच रंगाचा. मग दोघांच्या मोबाईलची सारखी अदलाबदल व्हायची, आणि काकांना विहिरीच्या पंपाबद्दल फोन केला की वडील मोठ्या अदबीने सांगायचे, "दादाक इचारून सांगतंय." दादा समोरच बसलेला असायचा.

वडिलांचं सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखायचं, डोळे लाल दिसायचे. मी एका सुट्टीत घरी वापरायचं बीपीचं मशीन घेऊन आले. वडिलांनी ते हातात घेतलं, पट्टा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "आधी दादाचा बग. मगे माझा." मी मशीन घेऊन काकांकडे गेले. बाबा असं असं म्हणतात, तेव्हा आधी तुमचं बघते, असं सांगितलं. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माका काय धाड भरली हा?" झालं. मशीन परत खोक्यात गेलं. त्याच वर्षी भात कापणीच्या सुमारास वडील पडवीसमोरच्या खळ्यात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कुडाळच्या दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

मी काकांना त्यावर कधी एक शब्द बोलले नाही, पण राग होता. चांगला घट्ट राग होता. आणि तरी, पुढे सुट्टीत घरी गेले की सकाळी ते पडवीत कपाळाला बाम चोळत बसलेले दिसायचे, डोळे वडिलांसारखेच लाल, तेव्हा एकच मनात यायचं. आता हेही जातील, आणि मी बघत बसेन.

आरोग्य केंद्रात जायचं तर ते नावच काढत नसत, कारण तिथे रांग असते. काकूने तिथल्या शिपायाला सांगून त्यांना रांगेत पुढे घ्यायची सोय केली, तर आणखीच भडकले. रांगेत पुढे घुसणं हा मान नव्हे, मानकऱ्यासाठी मुळात रांगच नसते, असं त्यांचं म्हणणं. यावर वैद्यकशास्त्राकडे इलाज नाही.

अशात पुण्याच्या एका डॉक्टरबाईंचा अभ्यास आमच्या तालुक्यात आला आणि त्याची आकडेमोड माझ्याकडे आली. कल्पना साधी होती. नर्सने दर आठवड्याला घरोघर जायचं, मोठ्या माणसांचं बीपी बघायचं, जास्त निघालं तर डॉक्टरांना गाठून गोळ्या सुरू करायच्या आणि त्या घेतल्या जातायत ना हे बघायचं. असं केल्याने गावाचं बीपी खरंच उतरतं का, एवढं तपासायचं होतं. निवडलेल्या गावांत आमचा गाव होता. मला काय आनंद झाला सांगू. नर्स स्वतः पडवीत येणार म्हणजे रांग नाही, आणि रांग नाही म्हणजे काकांना बोलायला जागा नाही.

पण नर्स एकच आणि वाड्या बऱ्याच. म्हणून एकेक वाडी घेत जायचं, आणि ज्या वाड्या अजून थांबल्या आहेत त्यांच्याशी तुलना करायची. कुठली वाडी आधी आणि कुठली नंतर, हे नशिबावर सोडायचं. हे समजावून सांगायला शाळेत सभा भरवली, डॉक्टरबाईही पुण्याहून आल्या. मी आंब्याचं उदाहरण घेतलं.

"समजा, नवं खत तुम्ही फक्त विहिरीजवळच्या कलमांना घातलंत आणि आंबा भरपूर लागला. गुण खताचा की विहिरीचा?"

"माझो," काका म्हणाले. "खत कोणी घातला?"

सभा हसली. मी नेटाने पुढे गेले. म्हटलं, चांगल्या रस्त्याच्या, चांगल्या घरांच्या वाड्या आधी घेतल्या तर फरक नर्सचा की घरांचा हे कळणारच नाही, म्हणून क्रम चिठ्ठीनेच काढायला हवा. तेव्हा हसू थांबलं. मागून कोणीतरी अगदी समजुतीने म्हणालं, "क्रम ठरललोच आसा. देऊळवाडी पयली. पालखी जाता तसा जावा. नर्सबाईक रस्तोपण बरो पडतलो."

देऊळवाडी म्हणजे आमची. मी म्हटलं, पालखीची वाट नको, आपण कॉम्प्युटरलाच क्रम काढायला सांगू.

"कॉम्प्युटर खंयचो?"

"पुण्याचा."

"मगे तेका हंयचा काय कळता?"

काही कळत नाही हाच तर त्याचा मोठा गुण, हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवलं आहे. पण सभेत त्या गुणाचं कौतुक मला एकटीलाच होतं. शेवटी कागदाच्या चिठ्ठ्या करून कळशीत टाकायचं ठरलं. मग चिठ्ठी काढणार कोण? एकाचा हात दुसऱ्याला पटेना. चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला असेल, चिठ्ठी ओली केलेली असेल, अमक्याची बोटं पत्त्यांत तयार आहेत. संशय घेण्यात आमचा गाव माझ्या सगळ्या प्राध्यापकांना मागे टाकेल. अखेर डॉक्टरबाईंनीच काढायच्या असं ठरलं, कारण गावात त्यांचं कोणी नव्हतं आणि भांडणही नव्हतं.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. देवाला उद्देशून एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. शाळेच्या पायरीवर नारळ ठेवला गेला आणि एका म्हाताऱ्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो चिठ्ठ्यो काढतत..."

"व्हय म्हाराजा."

"...तेच्यात कोणाची लबाडी आसात, तर ती सगळ्यांच्या देखत उघडी पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पयलो येयत तेका गुण दी, शेवटाक ऱ्हवात तेका धीर दी."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात खणखणीत आवाज बंदरवाडीतल्या एका होडीवाल्याचा होता. बंदरवाडी खाडीच्या तोंडाशी, बहुतेक मुसलमान मच्छीमारांची. हा होडीवाला शाळेत काकांच्या बाकावर बसायचा आणि गाऱ्हाण्याचा हुंकार त्याच्या तोंडात तेव्हापासून बसलेला. डॉक्टरबाईंनी मला हळूच विचारलं, हे आपल्या नियमावलीत आहे का? मी म्हटलं नाही, पण असायला हवं.

पहिली चिठ्ठी निघाली बंदरवाडीची. मग एकेक करत निघत गेल्या आणि कळशीत एकच राहिली. ती काढायचीही गरज पडली नाही. देऊळवाडी शेवटी.

काका उठले, छत्री घेतली, "बरा झाला," म्हणाले आणि घरी निघून गेले. आमच्या घरात "बरा झाला" म्हटलं की पुढे निदान पंधरवडा कोणी मोठ्याने बोलत नाही.

काकूचा राग माझ्या ताटात दिसायचा. एरवी मी घरी आले की सुरमईची मधली तुकडी माझी. त्या दुपारी शेपटी आली, आणि सोबत प्रश्न आला.

"चिठ्ठ्यो तूच लिवलंस मां? मगे परत लिव."

"तसं करता येत नाही, काकू."

"तुझ्या बापाशीचा काय झाला ता इसारलंस?"

शेपटीचे काटे परवडले. खरं सांगायचं तर क्रमाची यादी माझ्याच लॅपटॉपवर होती, आणि दोन नावांची अदलाबदल केली असती तर नर्सने तोच क्रम धरला असता. मी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसलेही. पण आपल्या काकांसाठी आज मी वाडी सरकवली, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या आकड्यांकडे बोट दाखवायला मला तोंड राहणार नव्हतं. लॅपटॉप मिटला आणि पडवीत जाऊन काकांनाच गाठलं. म्हटलं, वाडीची पाळी येईपर्यंत थांबायची कोणावर सक्ती नाही, आरोग्य केंद्र कोणालाही उघडं आहे, उद्या चला. रांगेत तुमच्या जागी मी उभी राहते.

"माझ्या जागेर तू?" काका म्हणाले. "मगे पट्टो पण तुझ्याच दंडाक लाव."

मी कॉलेजात परतले, पण लक्ष सगळं गावाकडे. फोन वाजला की आधी गावाचा नंबर आहे का ते बघायचे. एक दिवस तो नर्सबाईंचा निघाला. बाई आरोंद्याच्या, कामाला वाघीण आणि बोलायला एकदम शांत.

"मॅडम, बंदरवाडीत माणसं वाढतायत."

"वाढतायत म्हणजे?"

"एकेका घरात तीन-तीन, चार-चार आजोबा आहेत. सगळे दंड उघडा करून बसलेले. कोण म्हणून विचारलं की घरातले सांगतात, आमचेच."

पुढच्या बुधवारी मी कुडाळला गाडीतून उतरले आणि तशीच नर्सबाईंबरोबर बंदरवाडीत गेले. बुधवार हा नर्सचा दिवस. बघते तर पडवी-पडवीत पाहुणे. मधल्या वाडीचे पोस्टमन, निवृत्त गुरुजी, देऊळवाडीतले आमचे शेजारी. वर्षानुवर्षं न आठवलेले स्नेहसंबंध सगळ्यांना एकदम बुधवारीच आठवले होते. मला बघून गुरुजींनी विषय बदलला आणि सुकत घातलेल्या मासळीबद्दल बोलायला लागले. गुरुजी शाकाहारी आहेत.

होडीवाल्याच्या दाराशी एक ओळखीची छत्री टेकून उभी होती. आत पहिल्या खुर्चीवर काका, बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. मला बघून ते समुद्राकडे बघायला लागले.

"हे कोण?" नर्सबाईंनी वहिवाटीप्रमाणे विचारलं.

"आमचेच," होडीवाला म्हणाला.

"नातं काय लिहू?"

"भाव लिवा."

भाऊ म्हणाला, त्याला खोटं तरी कसं म्हणायचं? एका बाकावर वाढलेला माणूस छत्री मिटून आपल्या दारात आला, तर तो माझा नव्हे असं आमच्याकडे कोण सांगेल?

नर्सबाई म्हणाल्या की हे पहिल्याच बुधवारी आले होते, सगळ्यांच्या आधी, पण मोजायच्या आधीच उठून गेले. आज मात्र बसले होते. मी मनात म्हटलं, अर्थातच. बंदरवाडी पहिली हे सोसवेना, म्हणून बंदरवाडीतही पहिली खुर्ची पटकावली. नर्सबाईंनी पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं. आकडा मोठ्याने सांगितला नाही. फोन घेऊन अंगणात गेल्या.

कोणाचंही बीपी इतकं जास्त निघालं तर तो कुठल्या वाडीचा हे न बघता ताबडतोब उपचार करायचा, हा नियम आम्ही आधीच करून ठेवला होता. काकांच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. माझ्यातल्या संख्याशास्त्रज्ञाचा जीव गेला आणि पुतणीच्या जिवात जीव आला. मी होडीवाल्याच्या मागच्या दारी जाऊन, माडाला टेकून, चक्क रडले.

परतीच्या चढावर मी काकांना म्हटलं, "तुम्ही माझा अभ्यास मोडलात."

"तुझो अभ्यास मोडलो, माझा डोक्या ऱ्हवला," काका म्हणाले. थोडं पुढे जाऊन त्यांनी विचारलं, "माका आता खंय मोजतलंस? बंदरवाडीत?"

"देऊळवाडीत. चिठ्ठीने ज्याला जिथे टाकलं तिथेच तो मोजायचा. मग त्याने कुठेही जाऊन काहीही गिळलेलं असो."

"म्हणजे गोळ्यो खाल्लंय मी, आणि लिवतलंस न खाणाऱ्यांत?"

"हो."

"तुका पगार कोण देता?"

असं का मोजायचं, ते मात्र मी त्यांना समजावू शकले नाही. उत्साही माणसं उठून दुसरीकडे जातात, आणि त्यांना हलवून मोजलं तर शेवटी गोळ्यांचा नव्हे, उत्साहाचा गुण मोजला जातो. हे परीक्षेत लिहायला सोपं आहे, चढावर काकांच्या मागून धापा टाकत सांगायला नाही.

पाहुणे बंद करायचा विचार डॉक्टरबाईंनी फोनवर बोलून दाखवला. मी म्हटलं, ते देवालाही जमायचं नाही. एवढंच केलं, की प्रत्येक पाहुण्याची खरी वाडी विचारून टिपायची. पुढे कुठल्याही वाडीत नर्स गेली की तिथे पाहुणचार सुरू व्हायचा, आणि सगळ्यात जास्त पाहुणे देऊळवाडीचे असायचे. आमच्या वाडीतली जवळजवळ सगळी म्हातारी माणसं कुठल्या ना कुठल्या पडवीत चहा पिऊन आली. काकूही जाऊन आली. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या, आणि माझ्या ताटात मधली तुकडी परत आली.

शेवटी देऊळवाडीची पाळी आली. नर्सबाई रीतसर आमच्या पडवीत आल्या. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खळ्यात अख्खी वाडी बसली होती. पहिला दंड काकांचा. बीपी अगदी शहाण्यासारखं निघालं. मग एकामागून एक तसंच. माझ्या तुलनेची पार वाट लागली. उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या वाड्यांत फरक बघायचा, तर न मिळालेल्या वाडीने उपचार आधीच घेऊन ठेवलेले. आमच्या गावाच्या आकड्यांतून काही सिद्ध होण्यासारखं उरलं नाही. अहवालात मी "गटांमधील सरमिसळ" असा शब्द लिहिला. डॉक्टरबाईंनी विचारलं, म्हणजे नक्की काय झालं? मी म्हटलं, पाहुणचार.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी काकांची खोडी काढायला म्हणून म्हटलं, "मानकऱ्यानेच पहिली चोरी केली. मग देऊळवाडी कशाला थांबतेय?"

काका हसले नाहीत.

"चोरी नाय ती," ते म्हणाले. "पयलो नारळ माझो फुटल्याशिवाय हंयचो कोण फोडता? मी गेलंय नाय तर ह्यांतलो एक माणूस उठाचो नाय. तू माका शेवटी टाकलंस, म्हणजे सगळ्यांकच बसवन ठेवलंस. पयल्या बुधवारी गेलंय, तर धीर झालो नाय. मगे तू इलंस त्या बुधवारी परत गेलंय. वांगडा चार जणांका घेवन गेलंय. सांजेक घराघरात सांगलंय, मी दंड दाखवन इलंय, आता तुमी जावा."

इतके महिने मी ते मानासाठी गेले असं धरून चालले होते. ते मानासाठीच गेले होते, पण माझ्या डोक्यात होता तो मान हा नव्हता.

"तुझो बापूस पण बसान ऱ्हवलो," काका म्हणाले. "माझ्यासाठी. माका तू सांगललंस."

ते उठून आत गेले आणि कपाटावरून खोकं काढून घेऊन आले. मी वडिलांसाठी आणलेलं मशीन. मी समजत होते ते कधीच कोणाला तरी देऊन टाकलं असेल. त्यात सेल नवे घातलेले होते. काकांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला. मी पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, आकडा दिसला. दुपारचाच, चांगला आकडा.

काकांनी तो बघितला आणि ते खळ्याकडे वळले, जिथे वडील पडले होते त्या बाजूला.

"दादाचा बगून झाला रे," ते म्हणाले.

पट्टा सोडायला माझा हात पुढे झाला नाही. काकांनीही तो काढला नाही.